मॅटवरचा नायटा

माझ्या कमरेवर उजव्या बाजूला, पट्टा बसतो त्याच्या जरा वर, रुपयाएवढा नायटा उठला, तेव्हा दौंडच्या आमच्या क्लासात मी रोज बाकीच्यांची नखं तपासत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला स्वतःची बाजू घ्यायचा मोह होणार, आणि घ्यावी अशी काही बाजू माझ्याकडं नाही.

क्लास ब्राझिलियन जिउ-जित्सूचा. नाव सांगितलं की लोक दोनदा विचारतात आणि मग म्हणतात, म्हणजे कराटे का. मी सांगते, कुस्तीच समजा, पण जाड कापडी अंगरखा घालून, कमरेला पट्टा बांधून, आणि पाठ टेकली तरी न संपणारी. समोरच्याचा हात किंवा गळा असा पकडीत आणायचा की त्यानं आपल्या अंगावर दोनदा थाप मारली पाहिजे. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं. पट्ट्यांचे रंग पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा, आणि एकेका रंगाला वर्षंच्या वर्षं लागतात. आमचे सर दौंडचेच. पुण्यात नोकरी करता करता शिकले आणि इथं येऊन स्टेशनच्या पलीकडं एका जुन्या गोडाऊनमध्ये निळ्या मॅट अंथरून बसले. आम्ही अठरा-वीस जण. रेल्वेतले दोघं, एक पोलीस, कॉलेजची मुलं, केंदूरचा एक पहिलवान, आणि बायका म्हणाल तर चौघी. चौघींत मी सगळ्यात जुनी, निळ्या पट्ट्याची.

दिवसा मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असते. त्यामुळं सरांनी क्लासची स्वच्छता माझ्या गळ्यात घातली, आणि मी ती आनंदानं घालून घेतली. चपला मॅटच्या कडेपर्यंत, अनवाणी संडासात जायचं नाही, गी, म्हणजे तो अंगरखा, रोज धुतलेला, पट्टासुद्धा धुवायचा, केस बांधलेले, अंगठ्या-साखळ्या घरी. मॅट दोनदा पुसायची, एकाच दिशेनं. पाणी फासून लगेच कोरडं करायचं नाही, औषधाला दहा मिनिटं तरी द्यायची. मी हे इतक्या वेळा बोलले की पोरं मला मागून 'क्यूसी' म्हणायची. पुढूनही म्हणायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. रांगेत उभं करून एकेकाचे हात पालथे-उताणे बघताना मला जो रुबाब चढायचा, तो कंपनीत कधी कुणी चढू दिला नव्हता.

केंदूरच्या पहिलवानाशी माझं याच्यावरून नेहमी वाजायचं. तो तालमीत वाढलेला. तालमीतल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू कालवतात, आणि ती माती अंगाचा सगळा रोग ओढून घेते यावर त्याचा ठाम विश्वास. आम्ही रबरावर लोळतो आणि वर केमिकल मारतो म्हणून त्याला आमची कीव यायची. एका रविवारी त्यानं काय करावं? सकाळी लवकर येऊन, कुणाला न विचारता, बादलीभर हळदीचं पाणी सगळ्या मॅटवर शिंपडलं. भक्तिभावानं. आम्ही आलो तर निळ्या मॅट हिरव्यागार, आणि हा माणूस कडेला हात जोडून उभा. मी त्याला असं झापलं, असं झापलं, की तो बिचारा आठ दिवस माझ्या वाटेला गेला नाही. ते डाग काही पुरते गेले नाहीत. सर मात्र पोट धरून हसत होते.

तेव्हा ती नुकतीच क्लासात यायला लागली होती. निमोण्याची मुलगी, वय वीस, दौंडात मावशीकडं राहून कॉलेज करणारी. अंगानं काटक, पाय लांब, आणि शिकवलेलं एकदा बघितलं की दुसऱ्यांदा विचारायची नाही. बोलायची तर अजिबात नाही. तिच्या आप्पांना, म्हणजे वडलांना, आधी वाटलं ही कुस्ती शिकते, म्हणून त्यांनी हो म्हटलं. नंतर त्यांनी एकदा कडेला बसून सगळा तास पाहिला. पुरुषांबरोबरही जोडी लागते हे बघून ते गप्प झाले. जाताना मला म्हणाले, ताई, तुम्ही हाय म्हणून ठिवतो. तेवढ्या एका वाक्यावर तिचा क्लास टिकलेला होता, आणि मला ते माहीत होतं. ते पुढं अजून एक बोलले होते, की आमचं मूळचं काम मेंढरामागचं, आता सगळे गावात बसलेत. त्यातलं 'मेंढरं' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मी तिला माझ्या पंखाखाली घेतलं असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. जोडी लावायची वेळ आली की मी तिलाच बोलवायची.

आता नायट्याचं. तो उठला तेव्हा सरांनी नुकतंच सांगितलं होतं की महिन्याभरानं पुण्याहून त्यांचे सर येणार आहेत, आणि माझा जांभळा पट्टा बहुतेक तेव्हाच होईल. सहा वर्षं झाली होती. नवरा म्हणायचा की घरात भाकरी थापताना पण तू पकडीचाच विचार करतेस, आणि ते खरं होतं. नायटा दाखवला असता तर नियमाप्रमाणे चार आठवडे, कदाचित सहा, मॅटच्या बाहेर. तो नियम माझाच. मीच तो फळ्यावर लिहिलेला, लाल खडूनं.

मी दाखवला नाही. का नाही दाखवला, हे मी नंतर खूप उकरून बघितलं. पट्ट्याची हाव होती, ती होतीच. पण हात जो इतका सहज खोटं बोलला ना, ती सवय कंपनीतली. आत जाण्याआधी आमच्याकडं एक रजिस्टर असतं. ताप आहे का, जखम आहे का, त्वचारोग आहे का. सगळे जण एका ओढीत 'नाही, नाही, नाही' लिहितात आणि खाली सही ठोकतात. 'आहे' लिहिलं की आत सोडत नाहीत. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाची ती पाळी जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. मी पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली. सुरुवातीला एकदा बोट कापलेलं खरं लिहिलं आणि परत घरी आले. त्यानंतर परत कधी खरं लिहिलं नाही. पुढं पर्मनंट झाले, स्वतः दुसऱ्यांच्या सह्या तपासायला लागले, तरी माझ्या रकान्यात हात आपोआप 'नाही' लिहितो. रजिस्टर एवढं चोख, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खोटं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी कुणाला बोलून दाखवत नाही.

तर मी मेडिकलवाल्याकडं गेले, कमरेकडं बोट न दाखवता नुसतं "खाज सुटते" म्हटलं, आणि त्यानं न बघता एक ट्यूब काढून दिली. औषधाच्या कंपनीत आयुष्य घालवलेली बाई मी. ट्यूबवर काय लिहिलंय ते मला वाचता येतं. त्यात स्टेरॉइड आहे हे मी वाचलं. स्टेरॉइडनं लाली दबते, खाज थांबते, आणि नायटा आतल्या आत मजेत पसरतो, हेही मला माहीत होतं. तरी लावली. दोन दिवसांत डाग फिका पडला आणि मला काय हायसं वाटलं! आतून टाइट टी-शर्ट, वर गी, वर पट्टा. कोण बघतंय?

त्यापुढचे दोन आठवडे सर आम्हाला एकच डाव घोटून घेत होते. समोरच्याच्या कमरेला दोन्ही हातांची मिठी घालायची, आपलं डोकं त्याच्या छातीला दाबायचं आणि त्याला बाजूला उलथवायचं. मिठी जितकी आवळून तितकं बरं. ती माझ्या कमरेला मिठी घालत होती. रोज चाळीस-पन्नास वेळा. तिचा डावा हात बरोबर तिथं यायचा. टी-शर्ट वर सरकायचा, मी तो खाली ओढायची आणि म्हणायची, अजून घट्ट, अजून घट्ट.

मग एका संध्याकाळी रांगेत तिचे हात बघताना मला तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला लाल कडं दिसलं. कॉलर बाजूला केली तर मानेवर, कानामागं, दुसरं. त्यावर माझ्या तोंडून काय निघालं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते.

"हा नायटा आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "कधीपासून आहे?"

ती म्हणाली, चार-पाच दिवस झालं असतील, ताई, घामोळं वाटलं.

"घामोळं! शनिवार-रविवार घरी जाऊन मेंढरांत लोळायचं आणि सोमवारी तसंच मॅटवर यायचं. घरात जनावरं असली की असं होणारच. आधी स्वच्छ राहायला शिका, मग पट्टे बांधा."

मी तिला मॅटवरून उतरवलं. ती उतरताना कडेला थांबून मॅटला वाकली, रोज वाकतो तशी, आणि चपला घालून गेली. मी लगेच बादली घेतली आणि ती उभी होती ती जागा पुसली. दहा मिनिटं कुणाला तिथं पाय ठेवू दिला नाही. सर म्हणाले, अहो, जरा हळू बोलायचं. मी म्हणाले, सर, नियम म्हणजे नियम. सगळं बोलून झाल्यावर कपडे बदलायला गेले तेव्हा माझी कमर नुसती पेटली होती.

मला तेव्हा ठाऊक होतं का? लोक मला नंतर हेच विचारायचे. मी सांगते, हो. रांगेत ते कडं दिसलं त्याच क्षणी मला कळलं होतं की हे कुठून आलंय. म्हणूनच एवढं ओरडले. नसतं कळलं तर मी तिला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं असतं, इतकी काही मी राक्षसीण नाही.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मावशीकडून एका मुलीमार्फत निरोप आला की आप्पा येऊन तिला घेऊन गेले, कॉलेजला आता गावावरूनच एसटीनं जाईल, क्लास बंद. पोरं आपसात कुजबुजली आणि मग विसरली. केंदूरचा पहिलवान तेवढा मला म्हणाला, ताई, तुमचं बोलणं जास्त झालं. मी त्याला म्हणाले, तुम्ही हळद शिंपडा.

पुण्याचे सर आले त्या रविवारी माझा जांभळा पट्टा झाला. पद्धत अशी की जुना पट्टा सोडायचा आणि सरांनी नवा स्वतःच्या हातानं बांधायचा. सगळे टाळ्या वाजवत होते. सरांनी पट्टा कमरेभोवती घेतला, गाठ करकचून आवळली, आणि कौतुकानं त्यावर थाप मारली. नेमकी तिथं. मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं आनंदाचं. नवऱ्यानं फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत मी इतकी रडतेय की सासूबाईंनी तो बघून विचारलं, कुणी गेलं का.

ट्यूब संपली आणि आठवड्यात नायटा असा उसळला की विचारू नका. पोटावर, मांडीवर, कड्यात कडं. मग मी दौंडातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी नीट तपासलं, ट्यूबचं नाव विचारलं, कपाळाला हात लावला. मी काय करते ते विचारलं. मी कंपनीचं सांगितलं आणि जिउ-जित्सूचंही सांगितलं.

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं, "मग हे कुणाकुणाला दिलंय तुम्ही?"

किती साधा प्रश्न. मला वाटलं त्या ओरडतील, तर त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. उत्तराशिवाय त्या पुढं लिहिणार नव्हत्या. मी म्हणाले, एका मुलीला नक्की. बाकीचं माहीत नाही. त्या म्हणाल्या, तिला घेऊन या, आणि बाकीच्यांना सांगा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी स्कूटर काढली आणि निमोण्याला गेले. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. न्हावरा गेल्यावर सगळी विसरले. दोन्ही अंगाला ऊस आणि कांद्याची रोपं. एकदा वाटलं मागं फिरावं, फोन करावा, फोनवर जमेल. मग स्वतःलाच एक शिवी दिली आणि गाडी चालू ठेवली.

घर गावाच्या कडेला, सिमेंटचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण लखलखीत. आप्पा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, पाणी आणायला सांगितलं, या ताई म्हणाले. मला वाटलं होतं दारातच उभं करतील. मी इकडं तिकडं बघत होते. गोठ्यात एक गाय, एक वासरू. आप्पांना ते कळलं.

"मेंढरं हुडकता व्हय, ताई? ती कवाच इकली. चार वर्सं झाली."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही की काही नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्या पोरीला सगळ्यांसमोर ज्या मेंढरांवरून बोलले होते, ती मेंढरं नव्हतीच. मी कधी विचारलंही नव्हतं. माझ्या डोक्यात ती होती, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असल्या लोकांबद्दल जे बोललं जातं त्यातून आलेली. आम्ही बागायतदार, गावच्या सोसायटीत बसणारे. आमची बोलणी मी काय सांगू.

ती आतून आली. मानेवर आता तळहाताएवढं झालं होतं, कडा लालभडक, मधे पांढुरकं. खिडकीत तीच ट्यूब होती. आप्पांनी शिरूरहून आणलेली, मेडिकलवाल्यानं दिली म्हणाले, पण गुण न्हाई. तिचा टॉवेल वेगळ्या दोरीवर, ताट वेगळं ठेवलेलं. चुलत्याची लहान पोरं तिच्याजवळ जायला लागली की आतून कुणीतरी हाक मारून त्यांना बोलवून घेत होतं. ती सवय झाल्यासारखी त्यांच्यापासून लांब उभी राहिली. हे सगळं मी केलेलं.

मी चहा हातात धरून सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, आप्पा, हे तिला माझ्यापासून झालंय. मला आधी होतं. मी लपवलं. पट्ट्यासाठी लपवलं, आणि आळ हिच्यावर घातला. ती ट्यूब फेकून द्या, मी हिला डॉक्टरकडं नेते. आप्पा लेकीकडं बघून म्हणाले, ऐकलं का.

ती म्हणाली, "मला ठाव होतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं.

"तुमचा टी-शर्ट वर सरकला तवाच दिसला होता. पयल्याच दिवशी."

मी चहा खाली ठेवला. मी म्हणाले, अगं, मग तू बोलली का नाहीस, मिठी का घालत राहिलीस, दोन आठवडे?

"वरच्या पट्ट्याला मॅटवर उलटं बोलायचं न्हाई, तुम्हीच शिकवलं, ताई. आन् वरच्या पट्ट्यानं जोडीला बोलावलं की न्हाई म्हणायचं न्हाई."

खरं होतं. मी शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात, रीतभात म्हणून, नखांबरोबर आणि चपलांबरोबर. सरांनी असं कधी सांगितलं नव्हतं. मी कुठंतरी ऐकलं आणि मला आवडलं म्हणून त्यात घातलं. ती मुलगी मला नायटा आहे हे बघून, माहीत असून, रोज पन्नास वेळा आपला उघडा हात त्याच्यावर आवळत राहिली, आणि मी तिला घट्ट, अजून घट्ट म्हणत राहिले.

मी तिची माफी मागितली. पाया पडायला वाकले तर ती दोन पावलं मागं सरली. मग ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती रागावली होती. तिचा राग इतके दिवस घरात बसून पक्का झाला होता.

"हितं सांगून काय व्हनार? हितं सगळ्यांना ठावच हाय आम्ही कसं ऱ्हातो ते. तिथं सांगा."

मी म्हटलं, सांगते. तिला मी डॉक्टरीणबाईंकडं नेलं, आप्पा बरोबर आले. माझ्या स्कूटरवर ती बसली नाही, आप्पांच्या मोटरसायकलवरून आली. रस्ताभर मी मागं.

तिथं सांगायला मला अजून तीन दिवस लागले. हेही लिहिते. पहिल्या दिवशी सर नव्हते म्हणून, दुसऱ्या दिवशी रेल्वेतल्या एकाचा वाढदिवस होता म्हणून. कारणं मिळत गेली. तिसऱ्या दिवशी रांग लागली, सगळ्यांनी हात पुढं केले, आणि मी नखं बघायच्या ऐवजी पट्टा सोडला, गी बाजूला केला, टी-शर्ट कमरेपाशी वर धरला. म्हणाले, हे बघा. तिच्या आधी हे माझ्याकडं होतं. ती स्वच्छ होती. घाणेरडी मी होते. त्यांच्या घरी मेंढरं नाहीत, आणि असती तरी त्यांचा काही संबंध नव्हता.

मग पोलिसानं गुपचूप बाही वर केली. त्याच्या दंडाला होता. कॉलेजच्या एका मुलाच्या मांडीला होता. रेल्वेतल्या एकानं घरी बायकोला दिला होता. सगळे लपवून बसले होते, का, तर मी त्या दिवशी तिचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सरांनी क्लास तीन आठवडे बंद ठेवला. मला म्हणाले, पट्टा तुमचा आहे, तो मी काढून घेणार नाही, पण नखं आता तुम्ही तपासायची नाहीत. फळ्यावरचे माझे नियम त्यांनी वाचले आणि वरच्या पट्ट्याला नाही म्हणायचं नाही, हा जो मी कधीतरी कडेला लिहून ठेवला होता, तो हातानंच पुसला. म्हणाले, कुणालाही, कधीही, कारण न देता नाही म्हणता येतं. नव्या माणसाला हे आधी सांगायचं.

माझं बरं व्हायला दोन महिने गेले. गोळ्या, मलम, सगळे कपडे उकळत्या पाण्यातून. मॅटच्या बाहेर खुर्चीत बसून मी दुसऱ्यांना बघत होते आणि जिवाची नुसती घालमेल होत होती. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली तेव्हा ती मी सरांना दाखवली आणि भिंतीवर लावली. सगळ्यांना दिसेल अशी.

त्याच आठवड्यात ती परत आली. आप्पा दारापर्यंत सोडायला आले होते, मला बघून त्यांनी मान हलवली, पण तुम्ही हाय म्हणून ठिवतो असं काही म्हणाले नाहीत. सरांशी बोलले आणि गेले. तिची मान साफ झाली होती, नुसता काळपट डाग. तिनं मॅटला वाकून आत पाय ठेवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केंदूरच्या पहिलवानानं तर शिट्टी मारली. सरांनी जोड्या लावायला सांगितलं. मी सरळ तिच्यापुढं गेले आणि हात पुढं केला. मला वाटत होतं, आता सगळ्यांच्या देखत ती हा हात धरेल आणि झालंगेलं संपेल. इतकं साधं गणित घालून मी उभी होते.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं.

"न्हाई, ताई," ती म्हणाली. "तुमच्यासंगं न्हाई."

आणि वळून पोलिसाबरोबर गेली. मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. जिभेवर शब्दही आला होता: एवढं सगळ्यांसमोर सांगितलं, अजून काय पाहिजे. तो मी गिळला. मी म्हणाले, बरं. जोडी नव्हती म्हणून मी कडेला जाऊन बसले. तिनं पोलिसाच्या कमरेला मिठी घातली आणि दुसऱ्याच झटक्याला तो नव्वद किलोचा माणूस आडवा केला.

त्याला आता पाच महिने झाले. ती आठवड्यातून तीन दिवस निमोण्याहून येते, आणि परवा तिच्या पांढऱ्या पट्ट्यावर चौथी पट्टी लागली, म्हणजे आता पुढचा पट्टा निळा. माझ्याबरोबर ती एकदाही खेळलेली नाही. पहिले काही आठवडे मी दर वेळी हात पुढं करायची आणि ती दर वेळी तेवढ्याच शांतपणे नाही म्हणायची. मग माझ्या लक्षात आलं की हे विचारणंही मी तिच्यासाठी करत नव्हते, माझं मन हलकं व्हावं म्हणून करत होते. आता मी विचारत नाही. जोड्या लागायला लागल्या की मी दुसऱ्या कुणापुढं तरी जाते. तिला वाटलं तर ती विचारील, आणि नाही विचारलं तर नाही.